सरस ओला असताना

जगताप मेष्ट्रु कुठल्याही टेबलाशी बसले की आधी शर्टाच्या खिशातून एक काचेची गोटी काढत आणि टेबलाच्या मधोमध ठेवत. हिरवी गोटी, आत पिवळी पाकळी. ती सोडली की मान जराशी कलती करून ते थांबत, गोटी काठावरून पडायच्या आत तळहातात झेलत आणि निकाल देत, "खिडकीकडचा पाय अर्धा सूत आखूड आहे." कँटीनमध्ये हे चाले, प्राचार्यांच्या खोलीत चाले. एकदा एका लग्नात केळीचं पान मांडलेलं असताना त्यांनी पानाशेजारी गोटी सोडली आणि वाढायला आलेला माणूस सांबाराची बादली घेऊन तसाच थांबला. आम्ही मुलं मागे हसायचो. मीही हसले आहे.

मेष्ट्रु म्हणजे कन्नडमध्ये मास्तर. म्हैसूरमधल्या आमच्या पॉलिटेक्निकच्या सुतारशाळेत ते शिकवत. नाव हणमंतराव, पण त्या नावानं त्यांना कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. ते सांगताना ते स्वतःच म्हणत, "घोडा गेला, रंधा राहिला. दोन्हीला लगाम लागतो." चामराजपुरममध्ये दोन खोल्यांत ते एकटे राहत. पत्नी वारलेली, मुलगी सरोजाक्का लग्न होऊन सोसले या गावी.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या पुटपुटण्यामुळे. मी माप घेताना मनात मराठीत आकडे मोजते, आणि घाबरले की ओठ हलतात. दुसऱ्या सहामाहीत सुतारशाळा सुरू झाली, तिच्या पहिल्याच आठवड्यात ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घरात मराठी, अल्लवा? कुणाची ग तू?" अल्लवा म्हणजे हो ना. मी सांगितलं की मंडी मोहल्ल्यात आप्पांचं कोट शिवायचं दुकान आहे. ते म्हणाले, "मग कापायला घाबरतेस कशाला, पुट्टी? तुझ्या घरात तर रोज कापतात." पुट्टी म्हणजे लहानगी. त्या दिवसापासून मी पुट्टीच झाले.

घाबरायचं कारण मी त्यांना सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. पहिल्या सहामाहीचा निकाल लागला तेव्हा मी गणितात नापास होते. घरी आले तर आप्पा दाराशीच उभे होते. त्यांनी विचारलं, "झालं ना?" आणि माझ्या तोंडून "झालं" असं निघून गेलं. त्यांनी त्या एकादशीला आमच्या विठ्ठलमंदिरात भजनाला आलेल्या सगळ्यांना साखर वाटली. मीही ती साखर खाल्ली. दुसऱ्या वेळीही तो पेपर राहिला, आणि तेव्हा तर आप्पांनी विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या दृष्टीनं तो विषय संपला होता. त्यानंतर कुठलीही छोटी चूक झाली की मला वाटायचं, आता हिच्या मागोमाग ती मोठीही बाहेर येणार.

मेष्ट्रूंच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. आम्ही माप घेतलं की ते म्हणत, "मोठ्यानं वाच. माप म्हणजे मंत्र, मनात म्हणून भागत नाही." हात थरथरणाऱ्या मुलाला म्हणत, "घाबरलेला हात दोनदा कापतो." आणि काहीही चिकटवायचं असलं की क्लॅम्प आवळण्याआधी ते कामाच्या एका टोकाशी उभे राहून विचारत, "कुणाला काय सांगायचं आहे?" मग मनात दहापर्यंत मोजत. त्या वेळात कोणी सांगितलं की तुकडा उलटा लागला, माप चुकलं, तर ते एक शब्दही रागावत नसत. सगळं सुटं करून ओल्या फडक्यानं पुसून काढत. "सरस ओला असताना बोला," ते म्हणत. "वाळल्यावर मग करवतच बोलते."

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा सुतारशाळेतल्या मोठ्या बाकाला वाळवी लागली. तो बाक मेष्ट्रूंच्याही आधीचा होता. वरची सागवानी फळी एका बाजूनं पोखरून पोकळ झाली होती. प्रात्यक्षिक परीक्षा दोन आठवड्यांवर, आणि लाकूड पकडायचा व्हाइस बसवलेला बाक तो एकच. नवी फळी आणायला ऑफिसनं नकार दिला. सभागृहाच्या रंगमंचाचं काम झाल्यावर उरलेल्या प्लायवूडच्या दोन शीट मागे पडल्या होत्या, लालसर काळ्या, तेवढ्या घ्या म्हणाले. त्याखेरीज काही मिळणार नाही. मेष्ट्रूंनी शीटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुरे झालं. तीन थर एकावर एक चिकटवू. सागापेक्षा घट्ट होईल, नोडु." नोडु म्हणजे बघ. ते त्याच मेमध्ये निवृत्त होणार होते. हे त्यांचं शेवटचं काम आहे हे आम्हाला माहीत होतं, पण त्यांनी स्वतः तसं एकदाही म्हटलं नाही.

आम्ही चौघं त्या कामावर होतो. पहिले दोन दिवस चिकटवायचं नावच नव्हतं. मेष्ट्रु म्हणाले, थर ज्याच्यावर ठेवून चिकटवाल त्याचा आकार घेतात. खाली पीळ असला तर तो पीळ जन्मभरासाठी बाकात बसतो. म्हणून बाकाचा सांगाडा सपाट करायचा होता. पायांखाली पाचरी ठोकायच्या, दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या आणि एकीवरून दुसरीकडे डोळा लावून बघायचं. ते बघायचं काम त्यांनी मला दिलं. मी म्हटलं, मेष्ट्रु, तुम्हीच बघा, माझं चुकेल. ते म्हणाले, "माझं बघून तुला काय मिळणार? तू बघ आणि मोठ्यानं सांग." मी सांगत गेले, ते पाचर ठोकत गेले. शेवटी त्यांनी गोटी सोडली. ती जागची हलली नाही.

मग प्लाय कापले. तीन लांब तुकडे झाले. कुठला तुकडा वर, कुठला मधे, कुठली बाजू आत, याच्या खुणा करायचं काम माझ्याकडे आलं. मेष्ट्रूंनी पेन्सिल दिली. त्या काळपट लाकडावर पेन्सिल दिसेना. माझ्या कंपासपेटीत आप्पांचा एक खडू होता, चपटा, पांढरा. पहिल्या दिवशी कॉलेजला निघताना मी तो उचलून आणला होता. का, ते नीट सांगता येणार नाही. दुकानातलं काहीतरी जवळ असावं असं वाटलं होतं.

आमच्याकडे कापड टेबलावर घातलं की आधी उलट बाजूला फुल्या मारतात आणि उभ्या धाग्याच्या दिशेनं एक लांब बाण काढतात. मी तेच केलं. आतल्या बाजूंना वीतभर अंतरानं फुल्या, मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत बाण, आणि व्हाइस बसणार त्या टोकाला जास्त दाट फुल्या. तिथे तुकडा फिरला तर सगळंच बिघडेल, अशी मला धास्ती होती. प्रत्येक खूण मी दोनदा गिरवली. मेष्ट्रूंनी चिकटवायच्या आधी तिन्ही तुकड्यांवरून तळहात फिरवला. "गुळगुळीत आहे," ते म्हणाले, "चांगला प्लाय दिला की त्यांनी."

सरस ओतला आणि आम्ही चौघं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी पसरू लागलो. उन्हाळा होता, घाई करावी लागत होती. तव्याला तेल जास्त झालं की डोशाचं पीठ जसं मधूनच सरकून जागा उघडी टाकतं, तसा माझ्या बाजूचा सरस फुल्यांवरून सरकताना मला दिसला. मी पुन्हा पट्टी फिरवली. तो पुन्हा सरकला. मग मला आठवलं. आप्पांचा तो खडू मेणाचा होता. लोकरीच्या कोटाला तोच लागतो, इस्त्रीखाली विरून जातो म्हणून. आणि मेणावर सरस धरत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ते समोर दिसत होतं.

तिसरा तुकडाही बसला. वर मधोमध किंचित फुगीर केलेल्या दांड्या ठेवल्या, म्हणजे क्लॅम्प कडेला आवळले तरी दाब मधे पोचतो. मेष्ट्रु बाकाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. "कुणाला काय सांगायचं आहे?"

मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते हलत नव्हते, पण आत आकडे चालले आहेत हे मला कळत होतं. सात. आठ. मनात येत होतं की थोडंच आहे, नाही काही होणार. आणि मागोमाग, सांगितलं तर सगळे माझ्याकडे बघतील, ऑफिसात जाईल, माझी गुणपत्रिका काढतील, घरी कळेल. एका फुलीवरून मी घरापर्यंत पोचले तोवर दहा झाले होते.

"आयतु," मेष्ट्रु म्हणाले, झालं, आणि मधल्यापासून कडेकडे क्लॅम्प आवळत गेले.

त्या संध्याकाळी दुकानात मी आप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, मेणाचा खडू आपोआप जातो का हो. ते म्हणाले, इस्त्रीशिवाय कसा जाईल. मी विचारलं, इस्त्री वरून फिरवली, आणि खूण आत असली तर? "किती आत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बोटभर लाकडाच्या आत. आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लाकडाला इस्त्री करायला शिकवतात का ग तिथं?" ते म्हणाले, आणि शेजारच्या काज-बटनवाल्याला हाक मारून हेच परत सांगितलं. दोघं हसले. मीही हसले. मग मागे जाऊन चिंध्यांच्या पोत्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लॅम्प काढले. काठांवरून सरसाचे वाळलेले थेंब मेष्ट्रूंनी पटाशीनं उडवले, वर रंधा फिरवला, दोन टोकांना त्या दोन पट्ट्या ठेवून मला बघायला लावलं. पीळ नव्हता. त्यांनी गोटी ठेवली. ती उभी राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मेष्ट्रूंनी स्वतः कँटीनमधून कॉफी मागवली आणि पेला त्या नव्या बाकावर ठेवला, जणू त्याला पहिलं वजन त्यांचंच द्यायचं होतं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. सगळे गेले. ते एकटेच बसून काठावरून अंगठा फिरवत होते.

गप्प राहिले असते तर परीक्षा कदाचित निभावली असती. कदाचित नसतीही. व्हाइसच्या टोकाला घाव बसत राहिले की थर सुटायला लागतील, हे मला रात्रभर डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि तेव्हा सगळे म्हणतील, जाता जाता म्हाताऱ्यानं कच्चं काम केलं.

"मेष्ट्रु," मी म्हटलं, "आत खडू आहे."

"कसला खडू?"

"आप्पांचा. कोटाचा. मेणाचा आहे. मी फुल्या मारल्या होत्या."

ते थांबले. पेला उचलून खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "कधी कळलं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. किती फुल्या, कुठे, का, हे सगळं मी पाठ करून आले होते. "सरस लावताना," मी म्हणाले.

"म्हणजे ओला होता तेव्हा."

"हो."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गोटी उचलून खिशात टाकली आणि बाकावर वाकून बोटाच्या पेरानं ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक, आणि मधेच एक जरा बसका आवाज. ते थांबले, त्याच जागी पुन्हा ठोकलं. "काढ तुझा खडू," ते म्हणाले. "मी ठोकतो, तू खूण कर. आता वरून आहे, आता हरकत नाही." या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही असं गेलो. संपलं तेव्हा मी आत लपवलेल्या फुल्या आणि तो बाण जवळजवळ तसाच्या तसा वर उमटला होता.

पुढचा आठवडा आम्ही रोज तास संपल्यावर काम केलं. प्रत्येक खुणेवर गिरमिटानं थेट खालपर्यंत भोक, आणि त्यात सरस लावून सागवानी खुंटी. खुंट्यांचं लाकूड जुन्या फळीच्या न पोखरलेल्या भागातलं. एकेचाळीस खुंट्या मी तासल्या, हाताला फोड आले. मेष्ट्रु बाजूला बसून म्हणत, "कापडाला टाका घालतात ना तुझ्या घरी? हा लाकडाचा टाका. सुम्ने रडू नकोस, खुंटी ओली होते." सुम्ने म्हणजे उगाच. मी रडत नव्हते, पण बहुतेक माझा श्वास तसा येत असावा.

परीक्षेच्या दिवशी बाक तयार होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या गोल खुंट्यांच्या रांगेवर हात ठेवून विचारलं, हे नक्षीकाम कशासाठी. मेष्ट्रु म्हणाले, "शिवण आहे, सर. आमची ही मुलगी शिंप्याच्या घरची. तिला टाक्याशिवाय भरवसा वाटत नाही." परीक्षक हसून पुढे गेले. दिवसभर त्या टोकाला घाव बसले, बाक हलला नाही. मे महिन्यात मेष्ट्रु निवृत्त झाले आणि चामराजपुरमच्या खोल्या सोडून मुलीकडे सोसल्याला गेले.

मी त्यांना भेटायला गेले ते पुढच्या वर्षी. सोसल्याला मठाच्या पलीकडे सरोजाक्काचं घर होतं. मेष्ट्रु ओट्यावर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ते रस्त्याकडेच बघत होते. मी "मेष्ट्रु" म्हटलं तेव्हा चेहरा वळला, पण माझ्या थोडा बाजूला. "पुट्टी," ते म्हणाले, "ये, बस. पायरी आहे, बघून."

सरोजाक्का आत कॉफी करायला गेल्या. मेष्ट्रूंनी खिशातून गोटी काढली आणि ओट्यावर सोडली. ती घरंगळत भिंतीकडे गेली आणि तिथे थडकली. "भिंतीकडे उतार आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "त्या तुझ्या फुल्या. पांढऱ्या होत्या, अल्लवा?"

मी म्हटलं, हो, अगदी पांढऱ्या.

"काळ्या प्लायवर पांढऱ्या. एवढ्या ठळक," ते म्हणाले. "मी तिन्ही तुकडे बघितले होते त्या दिवशी. आठवतं? हात फिरवला. हाताला गुळगुळीत लागलं. मी समजलो प्लाय चांगला आहे. ते तुझं मेण होतं."

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. उजवा डोळा त्याआधीच दोन वर्षं जात आला होता, डावाही कडेनं मिटत चालला होता. ऑफिसात कळलं तर यंत्रांपासून दूर करतील, शेवटची दोन वर्षं रजिस्टरवर सह्या करत काढावी लागतील, म्हणून ते गप्प राहिले. डॉक्टरकडेही गेले नाहीत, कारण तिथला कागद ऑफिसात गेला असता. डोळ्यानं पातळी दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी बाजारातून ही गोटी घेतली. माप मोठ्यानं वाचायचं तेव्हापासूनच सुरू झालं. पट्ट्यांवरून डोळा लावायचं काम मला का दिलं होतं, तेही मला तिथे बसल्या बसल्या कळलं. आम्ही मान कलती करण्याची नक्कल करायचो. ते गोटीचा आवाज ऐकत असत.

"शेवटी सरोजा घेऊन गेली म्हैसूरला," ते म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे? लवकर आला असतात तर होतं तेवढं राखलं असतं. आता जे गेलं ते गेलं." त्यांनी हातानं ओटा चाचपला, गोटी कुठे आहे ते बघायला. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली. "तुला मी विचारलं होतं, कधी कळलं. मला कोणी विचारलं नाही. पण कळलं होतं, पुट्टी. ओला होता तेव्हाच."

कॉफी आली, आम्ही प्यालो. त्यांनी बाकाची चौकशी केली. मी सांगितलं की नवीन मुलं त्या खुंट्या मोजून एकमेकांशी पैज लावतात. ते हसले. निघताना मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि सवयीनंच असेल, विचारलं, "कुणाला काय सांगायचं आहे?"

हात डोक्यावर तसाच होता. मला त्याचा एकेक आकडा जाणवत होता. दहा झाले आणि मी काहीच बोलले नाही. "सरी," ते म्हणाले, ठीक आहे, "बस चुकेल तुझी."

ती शेवटची भेट. दसऱ्याच्या आधी ते गेल्याचं सरोजाक्कांनी कळवलं.

त्या भेटीच्या दिवशी परतताना नरसीपूरला बस बदलून मी म्हैसूरला उतरले ती घरी गेले नाही, सरळ मंडी मोहल्ल्यात गेले. आप्पा टेबलावर एका कोटाची बाही आखत होते. काळं कापड, पांढरा खडू. त्यांनी वर न बघता विचारलं, कसे आहेत तुझे मेष्ट्रु. बरे आहेत, असं म्हणणार होते. आमच्याकडे तसंच म्हणतात.

"आप्पा," मी म्हटलं, "पहिल्या वर्षाच्या गणितात मी नापास आहे. अजून सुटलेलं नाही."

बाहीवरची रेघ अर्ध्यात थांबली. काज-बटनवाला उठून बाहेर गेला. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी विचारलं, "साखर वाटली तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

ते त्या अर्ध्या रेघेकडे बघत राहिले. मी उभीच होते. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, दुसरी गेली. शेवटी त्यांनी खडू टेबलाच्या कडेला ठेवला, कापड गुंडाळून एका बाजूला सारलं, आणि टेबलाचा अर्धा भाग मोकळा झाला.

"पुस्तक आणलं आहेस का?" त्यांनी विचारलं.